‘आधी ऑनलाइन, मग कॅम्पस’: पैसे देण्याआधी

शिरोली पुलाचीहून एका भावाचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

‘बाई, नमस्कार. माझं वय २६. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि शिरोली एमआयडीसीत व्हीएमसीचा, म्हणजे कॉम्प्युटर-प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंग मशीनचा, ऑपरेटर म्हणून लागलो. धाकटी बहीण यंदा बारावी सायन्स झाली, ७४ टक्के. जेईईत जमलं नाही, सीईटीला ८१ पर्सेंटाइल आहेत. राजारामपुरीत एका सल्लागाराकडे गेलो होतो. ते म्हणाले, जेईई न देताही आयआयटीत जाता येतं. एक वर्ष ऑनलाइन करायचं, मग कॅम्पसला ट्रान्सफर मिळते. त्यांच्या पत्रकावर अमेरिकेतल्या विद्यापीठांची पण नावं आहेत. सीट ब्लॉक करायला ६० हजार मागतायत, तेही या आठवड्यात. कॅपचे, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशाचे, फॉर्म भरायची गरज नाही म्हणाले. वडील फौंड्रीतून रिटायर झालेत. आईची भिशी यंदा लागली आहे, ती द्यायला ती तयार आहे, पण तिला रात्री झोप नाही. बहीण गप्प आहे. काय करू? ता. क. : हे ऑनलाइनचं खरंच असेल तर या वयात मला पण जमेल का? हसू नका.’

बाळा, हसण्यासारखं त्यात काही नाही. ता. क. मधल्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटी देणार आहे, आणि सवडीने देणार आहे. आधी ६० हजारांचं बघू.

देऊ नकोस. भिशीचे पैसे आईच्या डब्यातच राहू देत. पण त्या माणसाचं सगळंच खोटं आहे असंही समजू नकोस, कारण मग खरं आहे ते पण हातचं जाईल. त्याने एका खऱ्या गोष्टीला दोन खोट्या गोष्टी शिवल्या आहेत. ती शिवण उसवून दाखवते.

खरी गोष्ट अशी. आयआयटी मद्रासने २०२० साली एक ऑनलाइन पदवी सुरू केली. आज तिचं नाव ‘बीएस इन डेटा सायन्स अँड अ‍ॅप्लिकेशन्स’ आहे. तिला जेईई लागत नाही. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी हवं. बारावीला अमुक टक्केच पाहिजेत अशी अट नाही, वयाचीही नाही. आयआयटीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन, आपल्या मोबाइलवरून, आपल्या हाताने अर्ज भरायचा. अर्जाचं शुल्क काही हजारांत असतं आणि जातीच्या किंवा दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर त्यातही सवलत मिळते. अर्ज भरला की चार विषयांचा चार आठवड्यांचा अभ्यास उघडतो. इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र आणि चौथा ‘कॉम्प्युटेशनल थिंकिंग’. दर आठवड्याला व्हिडिओ बघायचे आणि स्वाध्याय सोडवून भरायचे. त्या स्वाध्यायांत ठरलेले गुण पडले तरच क्वालिफायर, म्हणजे पात्रता परीक्षेला बसू देतात. ही परीक्षा घरात बसून देता येत नाही, केंद्रावर जाऊन द्यावी लागते. खुल्या गटासाठी प्रत्येक विषयात किमान ४० टक्के आणि चारही मिळून सरासरी ५० टक्के लागतात. राखीव गटांना याहून कमी. फॉर्म भरशील त्या दिवशी तिथलं चालू पत्रक वाचून हे आकडे पुन्हा ताडून घे.

आता यातली कळीची गोष्ट. जो क्वालिफायर पास होतो त्याला प्रवेश मिळतो. हजार पास झाले तर हजारांना, दहा हजार झाले तर दहा हजारांना. जागा मोजलेल्याच नाहीत. मग ‘सीट ब्लॉक’ करायची म्हणजे नेमकं काय ब्लॉक करायचं? एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं इथे काहीच धरता येत नाही. ६० हजार ज्या गोष्टीसाठी मागितले आहेत ती गोष्ट अस्तित्वातच नाही. ही पहिली खोटी शिवण.

दुसरी ट्रान्सफरची. ऑनलाइन बीएस करणाऱ्याची एक वर्षाने चेन्नईच्या कॅम्पसवर बीटेकला बदली होत नाही. दोन वर्षांनीही होत नाही. बीटेकचा रस्ता जेईई अ‍ॅडव्हान्स्डवरूनच जातो, आणि बीएस ही आपल्या जागी वेगळी, पूर्ण पदवी आहे. पदवी आयआयटी मद्रासच देते, त्यात कमीपणा काही नाही. पण ती इंजिनिअरिंगची पदवी नव्हे. जिथे जाहिरातीत ‘बीई किंवा बीटेक’ असंच छापलेलं असतं तिथे ती चालायची नाही. जिथे नुसती ‘पदवीधर’ अशी अट आहे तिथे चालेल. पुढे गेट देऊन एमटेककडे जायचं दारही बंद होत नाही. बहिणीला हे सगळं नीट समजावून सांग. ती गप्प आहे असं तू लिहिलंस. कॅम्पसचं स्वप्न दाखवून तिला ऑनलाइनला बसवलं आणि वर्षाने ते खोटं निघालं, तर ती तुझ्याशी बोलायचीच बंद होईल.

एकदा आत शिरलं की सोपं, असंही समजू नका. इथे गाळणी दारात बसवलेली नाही, आत बसवली आहे. जेईईवाला दोन वर्षं घासून एकदा आत गेला की त्याचा मोठा डोंगर चढून झालेला असतो. इथे पहिला टप्पा फाउंडेशनचा, त्यात आठ विषय. वर्षात तीन टर्म, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. प्रत्येक टर्ममध्ये दोन क्विझ आणि एक शेवटची परीक्षा, तिन्ही केंद्रावर जाऊन. शिवाय दर आठवड्याचे स्वाध्याय. एका विषयाला आठवड्याला साधारण दहा तास धरायला आयआयटीच सांगते. चार विषय घेतले तर चाळीस तास झाले, म्हणजे जवळजवळ तुझ्या कंपनीतल्या आठवड्याइतके. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवल्यावर एवढं मी खात्रीने सांगते, की हुशार मुलं अशा ठिकाणी गणितामुळे मागे पडत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात पाहुणे आले, एक स्वाध्याय राहिला, मग दुसरा राहिला, आणि मग कोणी विचारलंच नाही, म्हणून मागे पडतात. कॉलेजात निदान हजेरी तरी घेतात.

आता कॅपबद्दल. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त राग आला तो याच वाक्याचा. ‘कॅपचे फॉर्म भरायची गरज नाही’ असं ज्याने सांगितलं, त्याला तुमच्या घरचं काय बुडतंय याची फिकीर नाही. तुझी बहीण मुलगी आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं आहे. आधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांमुलींसाठी वेगळ्या योजना आधीपासूनच आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून गेलं की यातलं काही मिळत नाही, कॅपमधूनच जायला हवं. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा. तुझा पगार, वडिलांचं जे काही येत असेल ते, सगळं धरूनही तुम्ही ८ लाखांच्या आत असणार. तेव्हा हातकणंगले तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि तुमच्या गटाचा जो असेल तो दाखला यांच्या मागे आजच लाग. सेतू केंद्रात जूननंतर काय गर्दी असते ते तुला माहीत आहे. कॅपची नोंदणी आणि कागदपत्रांची पडताळणी यांच्या तारखा गेल्या की त्या तुमच्यासाठी परत येत नाहीत.

८१ पर्सेंटाइलला तिला हवं ते कॉलेज आणि हवी ती शाखा दोन्ही मिळेलच असं मी म्हणत नाही. पण कोल्हापूर-सांगली भागात एवढी कॉलेजं आहेत की ऑप्शन फॉर्म नीट, लांबलचक भरला तर घरून जाऊन-येऊन शिकता येईल अशी जागा मिळण्यासारखी आहे. फी माफ, जेवण घरचं, बसचा पास काढला की झालं. ही गोष्ट ६० हजार देऊन सोडून द्यायची?

आणि सोडायची गरजच नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी ऑनलाइन, असं चालतं. आयआयटी मद्रासचा कार्यक्रम तर कित्येक मुलं इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी करता करताच करतात. माझा सल्ला एवढाच, की पहिल्या वर्षी तिने कॉलेजचं पहिलं सेमिस्टर सुटसुटीत पार पाडावं आणि क्वालिफायर जानेवारीच्या टर्मसाठी द्यावा. पास झाली तर एका वेळी एक किंवा दोनच विषय घ्यावेत. फी घेतलेल्या विषयांपुरतीच, टर्मगणिक भरायची असते, एकरकमी काही नाही. कमी उत्पन्नाच्या घरांना त्यात मोठी सवलत असते, म्हणून ते दाखले इथेही कामाला येतील.

पैसे भरायच्याही आधी एक चाचणी करता येते, तिला पै लागत नाही. या कार्यक्रमाची व्याख्यानं यूट्यूबवर कुणालाही बघता येतात. ‘कॉम्प्युटेशनल थिंकिंग’चा पहिला आठवडा तिला काढून दे आणि तू तिथून उठून जा. त्यात सुरुवातीला कॉम्प्युटर नसतोच. कार्डांचा गठ्ठा असतो. एका गठ्ठ्यात विद्यार्थ्यांचे मार्क, एकात दुकानाची बिलं, एकात एका उताऱ्यातले शब्द, एका कार्डावर एक. मग एकेक कार्ड उचलायचं, बघायचं, बाजूला ठेवायचं, आणि हातातल्या कागदावर फक्त एक आकडा सांभाळायचा. सगळ्यात जास्त मार्क कोणाचे? आतापर्यंतचा मोठा आकडा लिही, पुढचं कार्ड उचल, मोठं असेल तर खोडून नवा लिही. कार्डं संपली की उत्तर हातात. एवढ्याशा खेळातून चल, अट, आवर्तन हे सगळं शिकवतात. सगळं इंग्रजीत आहे, पण व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला वर्गात ही सोय कधीच नसते. दोन तासांनी तिला विचार, ‘पुढचा बघायचाय का?’ तिच्या तोंडावरून तुला कळेल. न आवडणं हाही निकालच आहे, आणि तो फुकटात लागला.

पत्रकावरच्या अमेरिकेबद्दल थोडक्यात. तिकडे ‘आधी अभ्यास करून दाखव, मग प्रवेश’ ही पद्धत खरोखर आहे. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत ऑनलाइन कोर्स २५ डॉलर भरून सुरू करता येतो, आणि शेवटी मिळालेली श्रेणी पसंत पडली तरच ४०० डॉलर भरून तो विषय अधिकृत गुणपत्रकावर चढवायचा. असे पुरेसे विषय ठरलेल्या सरासरीने झाले की त्यांच्या जोरावर तिथल्या पदवीला प्रवेश मिळवता येतो. एमआयटीने २०१५ साली सप्लाय चेनचा (मालपुरवठ्याच्या व्यवस्थापनाचा) मायक्रोमास्टर्स हा ऑनलाइन कार्यक्रम जाहीर केला. तो ऑनलाइन पूर्ण केलेल्यांना कॅम्पसवरच्या छोट्या मास्टर्ससाठी अर्ज करता येतो, आणि निवड झाली तर ऑनलाइन केलेलं काम त्यात धरलं जातं. म्हणजे ‘आधी ऑनलाइन, मग कॅम्पस’ हे जगात कुठेच नाही असं नव्हे. पण तिथेही वेगळा अर्ज आहे, निवड आहे, डॉलरमधला खर्च आहे, आणि पूर्ण ऑनलाइन शिकणाऱ्याला विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. बारावी झालेल्या तुझ्या बहिणीला आज त्यातलं काहीच घाईने करायचं नाही. राहू दे ते पत्रक.

आता एक घरची गोष्ट सांगते. माझा भाचा काही वर्षांपूर्वी असाच एका ‘अभ्यास केंद्रा’त गेला. शहरातल्याच एका गजबजलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, काचेचं दार, एसी, भिंतीवर परराज्यातल्या एका विद्यापीठाचं भलंमोठं बोधचिन्ह. नोकरी करता करता इंजिनिअरिंगची पदवी, असं सांगितलं होतं. दोन वर्षं पैसे भरले. निकाल येईना म्हणून तो स्वतः त्या विद्यापीठात जाऊन आला, तर त्याच्या नावाची नोंदणीच नव्हती. त्या रात्री तो आमच्याकडे जेवायला बसला आणि खिशातून पावत्या काढून ताटाशेजारी ठेवल्या. मी पहिल्यांदा त्या नीट पाहिल्या. साध्या बिलबुकातल्या पावत्या. वर विद्यापीठाचं नाव कुठेच नाही, एका कन्सल्टन्सीचं होतं. आणि ‘कशाबद्दल’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘सर्व्हिस चार्जेस’. दोन वर्षांत आमच्या घरात कोणीही तो रकाना वाचला नव्हता. मीही नाही, आणि मी रोज मुलांना ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून सांगत होते.

म्हणून त्या सल्लागाराला एवढंच विचार, ‘पावती कोणाच्या नावाची मिळेल?’ विद्यापीठाची फी विद्यापीठाच्याच वेबसाइटवर, विद्यापीठाच्याच खात्यात भरली जाते. विद्यापीठांना आपल्या ऑनलाइन पदव्यांची फ्रँचाइजी देता येत नाही, हा यूजीसीचा नियम आहे. कुणी मार्गदर्शन करून त्याचे वाजवी पैसे घेत असेल तर ते वेगळं, पण मग ते ‘सीट’चे पैसे म्हणून घेऊ नयेत.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेव, बहिणीपुरत्या नाही, गल्लीतल्या कुणीही विचारलं तर सांगता याव्यात म्हणून. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, नर्सिंग, कायदा, आर्किटेक्चर या पदव्या ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने देताच येत नाहीत. ‘ऑनलाइन बीटेक’ असं कुणी म्हणालं की तिथून उठायचं. काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली गदा आणली, तेव्हा नोकरीत स्थिरावलेल्या माणसांची झोप उडाली होती. दुसरं म्हणजे ज्या पदव्या चालतात, त्या कोणतं विद्यापीठ देऊ शकतं याची यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या वेबसाइटवर असते. विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि शैक्षणिक वर्ष ही तिन्ही जुळली पाहिजेत. विद्यापीठ यादीत आहे पण हा अभ्यासक्रम नाही, असंही असतं, आणि लोक तिथेच फसतात. या प्रवेशांना आता डीईबी-आयडी लागतो, तोही विद्यार्थ्याने स्वतःच काढायचा. आयआयटी मात्र या यादीत शोधू नकोस. आयआयटी १९६१ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालतात आणि आपल्या पदव्या आपल्या अधिकारात देतात.

शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र इथेच विद्यानगरला आहे. साधी बीए, बीकॉम, एमए करायचीय अशी चौकशी माझ्याकडे बरेच जण करतात. त्यांनी आधी तिथे जाऊन यावं. शंका आली तर समोर टेबलाशी जाऊन विचारता येतं, याचं मोल फार आहे.

घराचं बोलू. तुमचं घर दीड खोलीचं असेल किंवा तीन खोल्यांचं, मला माहीत नाही. पण ऑनलाइन शिक्षणात वसतिगृहाचा खर्च वाचतो म्हणताना एक गोष्ट आपण विसरतो. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकामागून एक वसतिगृहं या शहरात उभी राहिली. खेड्यातून आलेल्या पोराला फी माफ करून भागत नाही. त्याला दिवा लागतो, चटई लागते, वेळेवर ताट लागतं, आणि ‘जरा दुकानातून हे आण’ म्हणणारं कोणी नसलेले चार तास लागतात, हे त्या माणसाने ओळखलं होतं. ऑनलाइन शिकणाऱ्या मुलीला हे सगळं घरातच मिळालं पाहिजे. आणि मुलगी घरात दिसली की तिला कामं सांगितली जातात. पाहुण्यांचा चहा, आजीची औषधं, गॅसचा नंबर. मुलगा दाराआड मोबाइल घेऊन बसला तर ‘अभ्यास करतोय’, मुलगी बसली तर ‘मोबाइल बघतेय’. माझ्या वर्गातल्या किती मुली यात वाया गेल्या हे आठवलं तरी घशाशी येतं. तू मिळवता भाऊ आहेस, घरात तुझा शब्द चालतो. तो इथे वापर. आईला सांग, संध्याकाळी पाच ते आठ ती कॉलेजात आहे असं समजायचं. घरात शक्यच नसेल तर अभ्यासिका बघ. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या गावाला वाचायला जागा देत आलं आहे, तसं तुमच्या जवळपासही काही असेल.

आता तुझं.

२६ वय म्हणजे काय वय झालं? दहावीनंतरचा तीन वर्षांचा मान्यताप्राप्त डिप्लोमा बारावीच्या बरोबरीचा धरतात, त्यामुळे तू पात्र आहेस. पदवीला आठ वर्षांपर्यंत मुदत असते. आणि मध्येच थांबावं लागलं तरी हात रिकामे राहत नाहीत, हे या कार्यक्रमाचं मला सगळ्यात आवडणारं अंग. फाउंडेशन झालं की प्रमाणपत्र, पुढच्या टप्प्यावर प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्स असे दोन डिप्लोमा, मग ११४ क्रेडिटला बीएस्सी, १४२ ला बीएस. लग्न झालं, शिफ्ट बदलली, वडिलांचं आजारपण आलं, तर तिथवरचं पदरात घेऊन थांबायचं. नोकरी करणाऱ्या माणसासाठी असा विचार आपल्याकडे फार कमी ठिकाणी झाला आहे.

तुला जमेल का? माझा एक जुना विद्यार्थी गोकुळ शिरगावला व्हीएमसी चालवतो. त्याने एकदा माझ्या डायरीच्या मागच्या पानावर मला प्रोग्रॅम लिहून दाखवला होता. जॉबवर एकसारखी भोकं पाडायची तर प्रत्येक भोकाला सगळं पुन्हा लिहीत नाहीत, जी ८१ ची सायकल लावायची आणि नुसत्या जागा देत जायच्या. तोच आकार चार ठिकाणी हवा असला तर सबप्रोग्राम वेगळा ठेवायचा आणि एम ९८ ने त्याला बोलवायचं. मी त्याला म्हटलं, अरे, तुला कोणी सांगितलं नाही का, यालाच कॉम्प्युटरवाले लूप आणि फंक्शन म्हणतात? त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. तुलाही सांगितलं नसणार. कार्डांचा तो गठ्ठा तू बहिणीआधी सोडवशील, हे मी लिहून देते. ऑफसेट एका आकड्याने चुकला तर टूल कुठे जाऊन आदळतं हे ज्याने पाहिलंय, त्याला ‘एक पायरी जास्त की कमी’ हा घोळ समजावून सांगावा लागत नाही.

तुझी अडचण गणिताची असेल. डिप्लोमा होऊन पाच-सहा वर्षं झाली, हात गेला असेल. क्वालिफायरच्या चार आठवड्यांत संच, संबंध आणि फलन, सरळ रेषा, वर्गसमीकरणं, बहुपदी एवढंच येतं. सरळ रेषेचा चढ तुला कळतो, टेपर तू रोज कापतोस. बाकीचं दोन महिन्यांत परत येईल. नाईट शिफ्टच्या आठवड्यात फक्त व्हिडिओ बघ, गणितं सोडवू नकोस. पेंगत सोडवलेलं गणित चुकतं आणि माणूस स्वतःलाच ढ समजायला लागतो. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी दीड-दोन तास बस, बहिणीच्याच वेळेत, तिच्याच टेबलाशी. पहिल्या टर्मला एक विषय, फार तर दोन. वरिष्ठांना आधी सांगून ठेव, कारण केंद्रावरच्या परीक्षांच्या दिवशी सुट्टी लागेल. त्या तारखा टर्मच्या सुरुवातीलाच कळतात.

या आठवड्यात करायचं एवढंच. सोमवारी दाखल्यांसाठी सेतू केंद्रात जा, बहिणीचा कॅपचा फॉर्म भर, आणि त्या सल्लागाराला फोन करून ‘नको’ सांग. तो ‘शेवटची सीट’ म्हणेल, तेव्हा फोन ठेव.

अकरावीची गणिताची पुस्तकं, दोन्ही भाग, माझ्याकडे दोन जादा संच आहेत. पानं थोडी पिवळी पडलीत, पण समासात माझ्या हातची उत्तरं आहेत. सदराच्या पत्त्यावर कळव. एक संच तुझा आणि एक तिचा, म्हणजे एका पुस्तकावरून भांडण नको.